कुशल माणसे देशात टिकवायची कशी? बंधपत्राने, पगाराने की आणखी कशाने?

अनुबंध (धागाकर्ता)

डॉक्टर, परिचारिका, अभियंते आणि संशोधक शिकून तयार झाले की विकसनशील देश सोडून श्रीमंत देशांत निघून जातात, ही तक्रार इतकी जुनी झाली आहे की ती ऐकून आता कोणी फारसे चमकत नाही. एके काळी हीच तक्रार ब्रिटन करत होता. आपले शास्त्रज्ञ उत्तर अमेरिकेकडे चालले आहेत म्हणून १९६३ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटीने अहवाल काढला होता आणि त्यावर पुष्कळ गदारोळ झाला होता. आज त्याच ब्रिटनची रुग्णालये इतर देशांत शिकलेल्या डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत.

अलीकडे काही देशांनी कडक भाषा वापरायला सुरुवात केली आहे. २०२३ मध्ये नायजेरियाच्या प्रतिनिधिगृहात एक विधेयक आले. वैद्यकीय पदवी घेतलेल्यांनी पाच वर्षे देशात काम केल्याशिवाय त्यांना पूर्ण परवाना देऊ नये, असे त्यात म्हटले होते आणि डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला तीव्र विरोध केला. त्याच वर्षी झिंबाब्वेच्या उपराष्ट्राध्यक्षांनी आरोग्य कर्मचाऱ्यांची परदेशी भरती हा गुन्हाच ठरवण्याची भाषा केली. दुसऱ्या बाजूला, कोणताही देश, स्वतःचा देशसुद्धा, सोडण्याचा आणि त्यात परत येण्याचा अधिकार मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील तेराव्या कलमाने प्रत्येकाला दिलेला आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत आणि उत्तर देताना त्यांची गल्लत होऊ नये अशी विनंती आहे. सरकारी पैशाने शिकलेल्या माणसाला काही वर्षे देशात काम करण्याची सक्ती करणे, म्हणजे त्याच्याकडून तसे बंधपत्र लिहून घेणे, न्याय्य आहे का, हा पहिला प्रश्न. आणि न्यायाचा विचार बाजूला ठेवला तरी अशा सक्तीने माणसे खरोखर टिकतात का, हा दुसरा. देशप्रेम, कृतघ्नता वगैरे शब्दांवर आधीच खूप चर्चा झालेली असल्यामुळे, निरनिराळ्या देशांनी प्रत्यक्षात काय केले आणि त्याचे काय झाले, यावर कोणी लिहिले तर बरे होईल.

आकडेमोड

सगळ्या विकसनशील देशांचा एकच गठ्ठा बांधून या प्रश्नाचे उत्तर काढता येणार नाही. २००० च्या सुमारास गयाना आणि जमैका या देशांत जन्मलेल्या उच्चशिक्षितांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक देशाबाहेर राहत होते. भारत, चीन, ब्राझील या देशांत हे प्रमाण त्याच काळात एकेरी आकड्यात होते. मोठ्या देशातून माणसे गेली तर एखाद्या क्षेत्राला किंवा एखाद्या भागाला झळ बसते. लहान देशातून गेली तर शाळा, न्यायालय, रुग्णालय आणि कर खाते या सगळ्यांना एकदमच माणसे कमी पडतात. पहिल्या प्रकारच्या देशाचे धोरण दुसऱ्याने जसेच्या तसे उचलून उपयोग नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एक जण गेला म्हणजे देशातला एक जण कमी झाला, ही वजाबाकी नेहमी बरोबर ठरत नाही. फिलिपिन्सचे उदाहरण पाहावे. अमेरिकेने २००० च्या सुमारास परदेशी परिचारिकांसाठी व्हिसाचे नियम सैल केले आणि काही वर्षांनी ते पुन्हा आवळले. या चढउताराचा अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की परदेशी गेलेल्या प्रत्येक परिचारिकेमागे देशात नऊ नव्या परिचारिकांना परवाना मिळाला होता. बाहेर संधी आहे हे दिसल्यावर मुलेमुली या शिक्षणाकडे वळली, महाविद्यालये वाढली, आणि त्यातले बहुतेक जण कधीच बाहेर गेले नाहीत. शिक्षणाचा दर्जा घसरला आणि परवाना परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण उतरले, हेही त्याच अभ्यासात आहे. ते लपवण्याचे कारण नाही.

मग फिलिपिन्सच्या रुग्णालयांत परिचारिकांची चणचण का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचे वाटते. परवाना असलेल्या परिचारिका देशात आहेत, पण त्यांना कायम नोकरी देणारी पदे पुरेशी नाहीत. एके काळी परदेशात अर्ज करताना अनुभवाचा दाखला जोडता यावा म्हणून तिथे परवानाधारक परिचारिका रुग्णालयांत बिनपगारी काम करत असत, आणि काही रुग्णालये उलट त्यांच्याकडूनच त्यासाठी पैसे घेत असत. अशा देशाने २०२० च्या साथीत परिचारिकांना बाहेर जाण्यास आधी बंदी घातली आणि नंतर वर्षाला ५,००० ची मर्यादा लावली. साथीच्या काळात तातडीचा उपाय म्हणून ते समजून घेता येते. परंतु जिला घरी पदच नाही तिला विमानतळावर अडवून एकाही रुग्णाची शुश्रूषा होत नाही.

केनियात या शतकाच्या पहिल्या दशकात असेच घडले. हजारो प्रशिक्षित परिचारिका बेकार होत्या आणि त्याच वेळी सरकारी आरोग्यसेवेतली पदे रिकामी होती, कारण पगारावरच्या खर्चाला मर्यादा असल्यामुळे ती भरली जात नव्हती. माणसे बाहेर गेली म्हणून जागा रिकाम्या राहिल्या, की जागा भरल्या जात नाहीत म्हणून माणसे बाहेर गेली, हे तपासल्याशिवाय सक्तीचा विचारसुद्धा करू नये असे माझे मत आहे.

माजी अधीक्षक

आकडेमोड यांचा शेवटचा परिच्छेद वाचून बरे वाटले. रुग्णालय चालवणाऱ्याला हे रोज दिसत असते, पण धोरण ठरवणाऱ्यांना ते सांगून पटत नाही. माझी नोकरी जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत गेली, त्यामुळे मी तेवढ्यापुरतेच लिहितो.

राजीनाम्याच्या अर्जावर 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहिलेले असते. ते कोणी खरे मानू नये. एक शल्यविशारद नव्याने रुजू होतो. शस्त्रक्रियागृह आहे, दिवे आहेत, टेबल आहे, पण भूलतज्ज्ञाचे पद रिक्त आहे. भूलतज्ज्ञ मिळतो तेव्हा निर्जंतुकीकरणाचे यंत्र बंद असते, कारण त्याच्या दाराची रबरी कडी झिजलेली असते. ती कडी फुटकळ किमतीची असली तरी देखभालीचा करार संपलेला असल्यामुळे तिच्यासाठी नवी निविदा काढावी लागते. मग हा शल्यविशारद दिवसभर एकच काम करतो, ते म्हणजे मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठ्या लिहून रुग्णांना रुग्णवाहिकेत बसवणे. ज्या हाताला शस्त्रक्रिया करायला शिकवले तो हात चिठ्ठ्या लिहितो आहे, हे त्याला दिसते. आपण विसरत चाललो आहोत याची भीती त्याला पगारापेक्षा जास्त वाटते. असा माणूस परदेशी गेला तर मला त्याचा राग येत नाही.

पगाराला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. मलावीने २००४ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणीबाणीचा कार्यक्रम राबवला. त्यात परदेशी मदतीच्या आधारे निवडक संवर्गांच्या पगारात ५२ टक्क्यांची भर घातली गेली आणि त्याचबरोबर प्रशिक्षण संस्थांची क्षमताही वाढवली गेली. कर्मचाऱ्यांची संख्या त्यानंतर स्पष्टपणे वाढली. याउलट घानामध्ये १९९८ पासून जादा तासांचा भत्ता सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांना त्याचा जो लाभ झाला त्या मानाने परिचारिकांच्या पदरात फार थोडे पडले आणि त्यांच्यात मोठा असंतोष पसरला. एकाच वॉर्डात, एकाच रात्री जागणाऱ्या दोघींपैकी एकीची पगाराची पावती जाड आणि दुसरीची पातळ असली, तर मूळ पगार कितीही असो, दुसरी परदेशाचा अर्ज भरायला घेते.

मोझांबिकचा अनुभव या चर्चेत फारसा येत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. स्वातंत्र्यानंतर त्या देशात डॉक्टर जवळजवळ उरलेच नव्हते. १९८४ पासून त्यांनी अनुभवी वैद्यकीय सहायकांना आणि परिचारकांना निवडून शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. हे लोक पदवीधर डॉक्टर नाहीत, पण सिझेरियनसारख्या शस्त्रक्रिया ते करतात, आणि ग्रामीण जिल्हा रुग्णालयांतल्या मोठ्या प्रसूती शस्त्रक्रियांपैकी बहुसंख्य त्यांच्याच हातून होऊ लागल्या. पुढे झालेल्या पाहणीत असे आढळले की जिल्हा रुग्णालयात नेमणूक झाल्यावर सात वर्षांनी या तंत्रज्ञांपैकी ८८ टक्के तिथेच होते, आणि डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता.

या यशाची एक बाजू मला मात्र अस्वस्थ करते. हे तंत्रज्ञ टिकले याचे एक कारण त्यांची मुळे त्या भागात होती हे आहे, आणि दुसरे कारण त्यांची पात्रता देशाबाहेर कोणी मानत नाही हे आहे. माणसाला कुशल करायचे पण बाहेर चालेल असा कागद त्याच्या हाती द्यायचा नाही, हेसुद्धा एक प्रकारचे बंधपत्रच आहे. फक्त त्यावर सही घेतलेली नसते. तरीही ज्या बाईचे बाळ आडवे आले आहे तिच्या बाजूने पाहिले तर मी मोझांबिकच्या बाजूने मत देईन.

आपल्या पहिल्या प्रश्नाबद्दल थायलंडचे उदाहरण द्यावेसे वाटते. तिथे १९७० च्या दशकापासून नव्या डॉक्टरांना तीन वर्षांची सरकारी सेवा सक्तीची आहे आणि ती मोडल्यास दंड आहे. परंतु त्याच काळात त्यांनी जिल्हा रुग्णालये बांधली, दुर्गम भागासाठी वेगळे भत्ते ठेवले, आणि १९९४ पासून ग्रामीण भागातलीच मुले निवडून, त्यांच्या भागाजवळच शिकवून, तिथेच नेमण्याची योजना चालवली. सक्तीचा भाग सगळ्यांना दिसतो आणि सगळे तेवढाच उचलतात. बाकीच्याला पैसा लागतो.

साक्षेपी

चर्चा फक्त पाठवणाऱ्या देशांच्या कर्तव्यांची चालली आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता मंजूर केली. ती ऐच्छिक आहे. जिथे मनुष्यबळाचा तुटवडा गंभीर आहे अशा देशांची यादी ही संघटना काढते आणि २०२३ च्या यादीत ५५ देश होते. यादीतल्या देशांत जाऊन भरतीचे मेळावे भरवू नयेत एवढीच अपेक्षा असते. परिचारिकेने स्वतःहून अर्ज केला तर कोणी अडवत नाही, आणि अर्ज करणे आता घरबसल्या होते. त्यामुळे संहितेचा मान राहतो आणि भरतीही होते.

अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात सुचवले होते की श्रीमंत देशांत काम करणाऱ्या अशा व्यावसायिकांच्या उत्पन्नावर छोटासा जादा कर बसवावा, तो त्या श्रीमंत देशानेच गोळा करावा आणि विकासासाठी वळता करावा. सूचना नीट विचार केलेली होती, पण वसुली श्रीमंत देशांच्या हाती असल्यामुळे ती कागदावरच राहिली. स्वतः वसुली करू पाहणाऱ्याचे काय होते ते इरिट्रियात दिसते. परदेशस्थ नागरिकांकडून तो देश उत्पन्नाच्या दोन टक्के घेतो, आणि तो कर ज्या मार्गांनी वसूल होतो व ज्यासाठी वापरला जातो त्यावरून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठरावात त्याचा निषेध केला.

जर्मनीने २०१३ पासून फिलिपिन्ससारख्या देशांशी करार करून परिचारिका नेण्याचा कार्यक्रम चालवला आहे. भाषेचे शिक्षण आणि तिथे रुळायला मदत त्यात मिळते. पण परिचारिकेच्या मूळ शिक्षणाचा खर्च कोणी केला, हा हिशेब अशा बहुतेक करारांत मांडलाच जात नाही. अनुबंध, आपला न्यायाचा प्रश्न मी असा मांडीन: पंचवीस वर्षांच्या मुलीकडून बंधपत्र लिहून घेण्याआधी ते तिला नेणाऱ्या देशाकडून का घेऊ नये?

परतलेला

वरची सगळी चर्चा आरोग्यसेवेची झाली. संशोधन आणि तंत्रज्ञान यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे माणूस काही वर्षे बाहेर गेला नाही तर तो तयारच होत नाही. त्यामुळे 'टिकवायचे कसे' यापेक्षा 'परत आणायचे कसे आणि आल्यावर पळवून लावायचे नाही कसे' हे विचारावे लागते.

दक्षिण कोरियाने १९६६ मध्ये अमेरिकेच्या मदतीने विज्ञान-तंत्रज्ञान संस्था काढली, तेव्हा तो गरीब देश होता. संस्थेचे पहिले प्रमुख छोई ह्युंग-सुप यांनी परदेशांतल्या कोरियन संशोधकांना स्वतः निवडून बोलावले. त्यांना देशातल्या प्राध्यापकांपेक्षा बरेच जास्त पगार दिले, राहायला घरे दिली, आणि संस्थेच्या कामकाजाला सरकारी खात्यांच्या नेहमीच्या नियमांतून मोकळीक मिळवून दिली. देशातल्या प्राध्यापकांना ते आवडले नाही, हे उघड आहे. तैवानने १९८० मध्ये शिनचू येथे विज्ञान उद्यान उभारले. अभियंते मॉरिस चँग १९८५ मध्ये तैवानला गेले ते अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीत पंचवीस वर्षे काढून, आणि १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी ही संगणकाच्या चिप बनवणारी कंपनी स्थापन केली. ज्यांना 'गमावलेले' म्हणून धरले होते तेच लोक अनुभव, ओळखी आणि भांडवल घेऊन पुढच्या काळात उपयोगी पडले. मात्र ते ज्या संस्थेत येऊन उभे राहतील ती संस्था आधी तयार होती, हे विसरता येत नाही.

निव्वळ सवलतींची मजल फार जात नाही. मलेशियाने परतणाऱ्या तज्ज्ञांना पाच वर्षे १५ टक्के इतक्या सपाट दराने आयकर लावण्याची योजना आणली. ज्यांचे परतायचे जवळजवळ ठरलेले होते त्यांचे पाऊल तिने उचलले जाते, एवढेच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९७७ मध्ये परदेशस्थ तज्ज्ञांना थोड्या काळासाठी मायदेशी बोलावण्याची योजना सुरू केली; ती कल्पना मला जास्त समंजस वाटते, कारण तीत सामान आवरून येण्याची अट नाही. (परदेशस्थ बांधवांची भव्य संमेलने भरवली जातात, त्यांतून छायाचित्रांखेरीज काय निष्पन्न होते हे मला अजून कळलेले नाही.)

आल्यावर काय होते तेही सांगतो. विद्यापीठ सगळ्यात आधी परदेशी पदवीच्या समकक्षतेचे प्रमाणपत्र मागते, आणि ते देणारे कार्यालय पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्याच्याकडून मोहोरबंद पाकीट मागते. बाहेरची सेवा ज्येष्ठतेत धरली जात नाही. प्रयोगाला लागणारी विकरे (एन्झाइम) कोरड्या बर्फात घालून येतात आणि सीमाशुल्क गोदामात पडून राहतात. बर्फ उडून जातो, पेटी हातात येते, कागदोपत्री सगळे व्यवस्थित असते आणि आतला माल निकामी झालेला असतो. नवीन मागवायचा तर आधीचा माल वाया का गेला याचा खुलासा द्यावा लागतो. माझ्यासोबत आलेल्यांपैकी काही जण पुन्हा बाहेर गेले ते पगारासाठी नव्हे.

अनुबंध (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. साक्षेपी यांनी प्रश्न उलटा करून दाखवला, तो मान्य आहे. परंतु श्रीमंत देश सही करीपर्यंत पाठवणाऱ्या देशाने काय करायचे हे उरतेच. माजी अधीक्षकांना विशेष विचारतो: बंधपत्र ठेवायचेच झाले तर ते कसे असावे? बहुतेक ठिकाणी दंडाची रक्कम भरली की सुटका होते. म्हणजे श्रीमंत घरातला मुलगा पैसे भरून जातो आणि गरीब घरातला अडकतो.

माजी अधीक्षक

रकमेचे बंधपत्र मला मुळातच पसंत नाही, नेमके आपण दिलेल्या कारणासाठी. सेवा द्यायची असेल तर सेवाच द्यावी, हवी तर टप्प्याटप्प्याने. दोन वर्षे आता आणि बाहेर शिकून आल्यावर उरलेली, असे चालावे. पण करार दोन्ही बाजूंनी बांधणारा हवा. पदवी मिळाल्यावर ठरावीक मुदतीत नेमणूक दिली नाही, तर बंधपत्र आपोआप रद्द व्हावे. पगार थकला तर थकलेले महिने सेवेत दुप्पट धरावेत. ज्या कामासाठी नेमले ते काम करता येईल एवढी साधने आणि सोबतची माणसे त्या ठिकाणी नसतील, तर बदली मागण्याचा हक्क असावा. आणि सेवा पूर्ण करणाऱ्याला पदव्युत्तर प्रवेशात त्याचा ठोस फायदा मिळावा. एवढे लिहून दिल्यावर किती सरकारे बंधपत्राचा आग्रह धरतील, याची मला शंका आहे.

आकडेमोड

अधीक्षकांचा मसुदा न्याय्य आहे, पण त्याचा सगळा भार पदनिर्मितीवर येतो. ठरावीक मुदतीत नेमणूक द्यायची म्हणजे दर वर्षी बाहेर पडणाऱ्या तुकडीएवढी पदे अर्थसंकल्पात धरावी लागतील, आणि अनेक देशांत शिक्षण खाते जागा वाढवत असताना अर्थ खाते भरती गोठवून बसलेले असते. केनियात तेच झाले. म्हणून महाविद्यालयाच्या जागा वाढवण्याचा प्रस्ताव आणि पदे मंजूर करण्याचा प्रस्ताव एकाच कागदावर, एकाच बैठकीत यावेत, अशी अट मी बंधपत्राच्याही आधी घालीन. मलावीची पगारवाढ परदेशी मदतीवर उभी होती. ती मदत आटल्यावर तो भार देशाच्या तिजोरीवर कसा घ्यायचा, याची तजवीज पहिल्याच वर्षी करावी लागते. या खर्चाच्या बाजूवर कोणी लिहिणार असेल तर वाचायला आवडेल.